एक रुपयाचं तिकीट : ‘सरफिरा’ आणि सामान्य माणसाचं विमान



आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं की, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं स्वस्त विमान कंपनीशी काय काम? प्रश्न रास्त आहे. ‘रास्त’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण आज आपल्याला त्याच शब्दापाशी पोचायचं आहे. आपल्या भाषेत ‘रास्त भाव दुकान’ म्हणतात. स्वस्त भाव वेगळा, रास्त भाव वेगळा. हे दोन एकच समजले की काय गोंधळ होतो, हे एका चित्रपटाच्या आधाराने पाहू.

चित्रपट ‘सरफिरा’. जुलै २०२४ मध्ये आला. दिग्दर्शक सुधा कोंगरा. त्यांच्याच ‘सूरराई पोट्रु’ या २०२० च्या तमिळ चित्रपटाचा हा हिंदी अवतार. तमिळ चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींच्या मुळाशी कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांचं ‘सिम्प्ली फ्लाय’ हे आत्मकथन आहे. हे गोपीनाथ कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातले, शिक्षकाचा मुलगा, १९७१ च्या युद्धात असलेले सैन्याधिकारी, नंतर शेतकरी, मग हेलिकॉप्टर सेवा चालवणारे. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांनी ‘एअर डेक्कन’ सुरू केली. पहिली विमानं बंगळूर-हुबळीसारख्या मार्गांवर. भारतातली ही पहिली कमी भाड्याची विमान कंपनी.

हिंदी चित्रपटाने नायकाला महाराष्ट्रात आणलं. अक्षय कुमार झाला वीर म्हात्रे, सातारा जिल्ह्यातल्या गावचा. आता म्हात्रे हे आडनाव ऐकलं की आपल्याला रायगड, ठाणे, अलिबागचा किनारा आठवतो; साताऱ्याचा घाट नाही आठवत. ही बारीक गोष्ट आहे, सोडून देता येईल. पण तिच्यावरून एक कळतं, की नायक महाराष्ट्रात आणला तरी महाराष्ट्र काही कथेत आला नाही. कथेचा सांगाडा तमिळच राहिला, पाटी तेवढी बदलली. महाराष्ट्रात या कंपनीचं जे खरोखर घडलं, त्याची दखल चित्रपटात नाही. ते आपण पुढे पाहू.

आधी चित्रपटाचं बलस्थान मान्य करू. समीक्षकाने गुण आधी सांगावेत, म्हणजे दोष सांगताना जीभ अडखळत नाही. या चित्रपटाचं हृदय एका प्रसंगात आहे. नायकाचे वडील मरणाच्या दारात आहेत. त्याला विमानाने तातडीने पोचायचं आहे. खिशातले पैसे तिकिटाला पुरत नाहीत. एरवी ताठ मानेने जगणारा हा माणूस विमानतळावर अनोळखी प्रवाशांपुढे हात पसरतो. पैसे जमत नाहीत. तो घरी पोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. तमिळमध्ये सूर्याने हा प्रसंग असा केला आहे की, पाहणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. पुढची सगळी कथा या प्रसंगावर उभी आहे. नायक ठरवतो की, पैसे नाहीत म्हणून कोणाला आपल्या माणसाच्या अंत्यदर्शनाला मुकावं लागू नये. म्हणून स्वस्त विमान कंपनी.

इथेच आम्ही थांबतो आणि विचारतो, हे ‘म्हणून’ बरोबर आहे का?

स्वस्त विमान कंपनी पैसे कसे कमावते ते पाहू. एका विमानात दीडशे-पावणेदोनशे खुर्च्या. सगळ्या सारख्याच: तीच जागा, तीच खिडकी. पण शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे दिलेले असतात. ज्याने दोन महिने आधी घेतलं त्याला स्वस्त. ज्याने आदल्या रात्री घेतलं त्याला महाग. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि त्यानंतर हे गणित बहराला आलं. एअर डेक्कनने ते आपल्याकडे सर्वसामान्यांपर्यंत आणलं. तिच्या एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. पण असं तिकीट मोजक्या खुर्च्यांसाठी आणि फार आधी ठरवणाऱ्यांसाठी होतं. पहिल्या खुर्च्या एक रुपयाला जाऊ शकतात, कारण शेवटच्या खुर्च्या कोणीतरी दहापट भावाने घेणार असतो.

तो शेवटचा कोण? काही वेळा तो कंपनीच्या खर्चाने फिरणारा साहेब असतो. त्याच्याबद्दल आम्हाला काळजी नाही. पण काही वेळा तो तोच असतो, ज्याचे वडील मरणाच्या दारात आहेत. मरण काही आगाऊ आरक्षण करून येत नाही. मुलाखतीचं पत्र उशिरा आलेला मुलगा, मुलीची प्रसूती अडली म्हणून निघालेली आई, सुट्टी अचानक मंजूर झालेला जवान. आपल्या कामठीत गार्ड्‌स रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आहे, छावणी तर १८२१ पासूनची. जवानाची सुट्टी कशी मंजूर होते हे कामठीकराला सांगायला नको.

आता चित्रपटाच्या नायकाला आजच्या बाजारात उभं करा. त्याच्या स्वप्नासारख्या कंपन्या आल्या, वाढल्या, आकाश त्यांचं झालं. आणि त्याच रात्री त्याला फोन आला, वडील गंभीर आहेत, निघ. तो मोबाइलवर तिकीट पाहतो. दोन महिन्यांपूर्वी तीन-चार हजारांना असलेली जागा आज कितीला आहे, हे तुम्ही सगळे जाणता. म्हणजे ज्या दुःखातून ही कल्पना जन्मली, त्या दुःखाला ही कल्पना लागू पडत नाही! सहलीला निघालेल्याला ती स्वस्त पडते आणि शोकातल्याला महाग. चित्रपटाने प्रश्न मांडला एक आणि उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं. पार्श्वसंगीत इतकं जोरात असतं की, आपल्याला ही फट ऐकू येत नाही.

कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेला. १७८५ च्या ग्रंथात त्याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. किंमत असलेल्या वस्तूची अदलाबदल होऊ शकते. प्रतिष्ठेला बदली नसते. चित्रपट सांगतो, किंमत उतरवली की प्रतिष्ठा मिळाली. त्यात अर्धं सत्य आहे. ज्याला कधी दारात उभं केलं नाही त्याला आत खुर्ची मिळाली तर त्याची मान उंचावते, हे खरंच आहे. पण ती खुर्ची केव्हा, कोणत्या अटीवर, कोणाच्या सोयीने मिळते, हा प्रतिष्ठेचा दुसरा अर्धा भाग चित्रपट विसरतो.

आता जरा मागे जाऊ आणि आपल्या गावाजवळ येऊ. नागपूरचा विमानतळ सोनेगावला. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांहून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. इथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. त्याच वर्षी टपाल खात्याने ठरवलं की, देशांतर्गत पत्र विमानाने लवकर पोचत असेल तर ते विमानानेच न्यायचं आणि त्यासाठी वेगळा अधिभार घ्यायचा नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. आपल्या सामान्य माणसाला विमानात बसायला पन्नास वर्षं लागली. पण त्याचं पत्र १९४९ पासून नागपूरवरून उडत होतं. आणि तिकीट सगळ्यांना एकच! गिरणीमालकाच्या पत्राला जेवढं, तेवढंच विडी कामगाराच्या पत्राला. ‘वडील गंभीर, निघून ये’ असं पत्र घाईचं आहे म्हणून खिडकीवरचा कारकून त्यावर पाचपट तिकीट लावत नव्हता. ती सेवा तोट्याची होती की फायद्याची, हा हिशेब वेगळा. आम्ही दाखवतो आहोत ते इतकंच की, उड्डाण आणि समान भाव या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या मातीने पाहिलेलं आहे. एसटीचं भाडंही असंच, सहा किलोमीटरच्या टप्प्यावर. दिवाळीत एसटी हंगामी वाढ करत आली, पण ती गाडीतल्या सगळ्यांना सारखी.

लगेच कोणी म्हणेल, सर, तुम्हाला सरकारी जमाना परत हवा आहे का? मुळीच नाही. १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. चाळीस वर्षं आकाशावर एकट्या सरकारचा हक्क होता. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्या चाळीस वर्षांत भाव ठरलेला होता. पण तो सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर ठरलेला होता. सगळ्यांना सारखा महाग! त्याला रास्त म्हणता येणार नाही. गोपीनाथ यांनी ही कोंडी फोडली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. फुकटचं जेवण बंद, एकच वर्ग, तिकीट फोनवर आणि इंटरनेटवर, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ, लहान गावांना एटीआरसारखी पंख्याची विमानं. खुर्चीला क्रमांकही नसायचा; आधी चढेल त्याची जागा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना ते फार परकं वाटलं नसावं. २००३ च्या सुमारास देशांतर्गत विमानप्रवास वर्षाला दीड कोटीच्या आसपास होते. २०२४ मध्ये ते सोळा कोटींवर गेले. स्पाइसजेट आणि गोएअर २००५ मध्ये आल्या, इंडिगो २००६ मध्ये. वाट डेक्कनने पाडली, यात शंका नाही.

पण आकडा वाचताना तर्कशास्त्राची एक साधी शिस्त पाळावी लागते. सोळा कोटी हे प्रवास आहेत, माणसं नाहीत. महिन्यातून चार वेळा मुंबईला जाणारा एकच माणूस वर्षात जवळपास शंभर प्रवास होतो. आणि आपली रेल्वे रोज सुमारे दोन कोटी प्रवासी वाहते. म्हणजे विमानांचं वर्ष हे रेल्वेचा आठवडाभराचा काळ. ‘आता सगळेच उडतात’ असं म्हणताना ‘सगळे’ या शब्दात कोण मोडतं, हे स्वतःला विचारावं.

आता एअर डेक्कनच्या चिन्हाकडे वळू. हे आमच्या मते या विषयाचं सगळ्यांत बोलकं प्रकरण. कंपनीने चिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घेतला. धोतर, चौकटीचा कोट, डोक्यावर विरळ केस. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा आहे. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांत हा माणूस मंत्र्यांच्या बैठकीत असतो, पुराच्या पाहणीत असतो, विमानतळावरही असतो. आणि तो कधीच बोलत नाही. त्याचं गप्प राहणं हीच त्याची टीका. बोलणाऱ्यांचं पितळ त्याच्या नजरेने उघडं पडतं.

तो विमानावर रंगवला गेला तेव्हा काय झालं? पाहणारा होता तो दाखवण्याची वस्तू झाला. व्यंगचित्रात त्याचं मौन सत्तेला अडचणीचं होतं. जाहिरातीत तेच मौन सोयीचं झालं, कारण न बोलणारा माणूस सगळ्यालाच संमती देतो असं दाखवता येतं. लक्ष्मण यांच्याबद्दल किंवा गोपीनाथ यांच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. पण चिन्हाला स्वतःचं नशीब असतं. ते पुढे पाहा.

२००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. तोटा वाढत होता. २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या किंगफिशर समूहाने २६ टक्के हिस्सा घेतला. नाव ‘सिम्प्लीफ्लाय डेक्कन’ झालं, २००८ मध्ये ‘किंगफिशर रेड’. कॉमन मॅन उतरला, त्याच्या जागी खंड्या पक्षी बसला. आणि एक बारकावा. त्या वेळी नियम होता की, परदेशी उड्डाणासाठी देशात पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमानं हवीत. किंगफिशर २००५ ची. तिची पाच वर्षं भरली नव्हती. डेक्कन २००३ ची. तिची ऑगस्ट २००८ मध्ये भरली. दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचं विमान बंगळूरहून लंडनला निघालं. म्हणजे हुबळीच्या माणसाने उडून जमवलेली पाच वर्षं लंडनच्या माणसाच्या कामी आली. २०१२ मध्ये सगळंच जमिनीवर आलं. महिनोन्‌महिने पगार न मिळालेले कर्मचारी रस्त्यावर आले.

यातलं चित्रपटात काही नाही. चित्रपट पहिल्या यशावर थांबतो. गावचे लोक विमानातून उतरतात, आपण डोळे पुसतो. चित्रपटाने कुठे थांबावं हा कलावंताचा अधिकार आहे. पण चरित्राचा आधार घेऊन जेव्हा कथा सांगितली जाते, तेव्हा शेवटचा बिंदू निवडणं हीसुद्धा एक भूमिका असते. खलनायक श्रीमंत प्रतिस्पर्धी, अडवणारे अधिकारी, असं रंगवलं की दोष माणसांचा ठरतो. व्यवसायाच्या गणिताकडे कोणी पाहत नाही. डेक्कनला अखेर कोणा खलनायकाने बुडवलं नाही. ज्या भावात ती विकत होती, त्या भावात खर्च निघत नव्हता.

आता महाराष्ट्रातला प्रसंग. २०१६ मध्ये केंद्राची ‘उडान’ योजना आली. साधारण तासाभराच्या प्रवासाला काही जागा २५०० रुपयांच्या मर्यादेत, आणि कंपनीची तूट सरकार भरून देणार. गोपीनाथ यांनी एअर डेक्कन पुन्हा उभी केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई-जळगाव, पुणे-नाशिक अशा मार्गांवर एकोणीस आसनी विमानं आणली. खानदेशाला केवढा आनंद! पण सेवा अनियमित राहिली आणि २०२० मध्ये कोरोनात कंपनी बंद पडली. ‘उडान’बद्दल महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल आहे. पहिल्या तीन टप्प्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. त्यांतल्या ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ मध्ये त्यानंतरही टिकलेले मार्ग होते ५४. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. विदर्भाचे म्हणून आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण आनंदाच्या पहिल्या दिवशीचं छायाचित्र आणि चौथ्या वर्षीचं वेळापत्रक, दोन्ही शेजारी ठेवून पाहायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

आणि परवाचा डिसेंबर २०२५. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोचं नियोजन कोलमडलं, हजारो उड्डाणं रद्द झाली. देशातले साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी ज्या एका कंपनीवर, तीच थांबली. बाकीच्यांचे भाव आकाशाला भिडले. तेव्हा सरकारने काय केलं? भावाला कमाल मर्यादा घातली. पाचशे किलोमीटरपर्यंत ७५००, हजारपर्यंत १२०००, दीड हजारपर्यंत १५०००, त्यापुढे १८०००. कोरोनातही, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, अशी बंधनं होतीच.

म्हणजे एरवी आपण म्हणतो, भाव बाजार ठरवेल. पण संकट आलं की आपल्याला आठवतं, अडलेल्याकडून कितीही घेणं बरोबर नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे: देशाचं संकट असलं तरच हे तत्त्व लागू होतं का? एका घराचं संकट असेल तर नाही? ज्या घरात रात्री दोनला फोन वाजतो, त्या घरापुरता तो डिसेंबर २०२५ च असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दमदार आहे. शेवटच्या खुर्चीचा भाव बांधला तर पहिली खुर्ची महाग होईल. मग ज्या नर्सबाई, जो विद्यार्थी आधी ठरवून स्वस्तात जातो, त्यांचं नुकसान. निवृत्तिवेतनावर आरामात बसलेल्या प्राध्यापकाने गरिबाची स्वस्त खुर्ची का काढून घ्यावी? आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. काही प्रमाणात तसं होईलही. पण पहिल्या आणि शेवटच्या खुर्चीत फरकच नको, असं आम्ही म्हणत नाही. आधी ठरवणाऱ्याला सवलत द्या, जरूर द्या. त्या फरकाला तळ आहे तसं छत असावं, एवढंच मागणं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये खासगी ट्रॅव्हल्ससाठी असा नियम केला, एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये. दिवाळीत पुणे-नागपूर गाडीत त्या नियमाचं काय होतं, ते तुम्ही आम्हाला सांगायची गरज नाही. अंमलबजावणी दुबळी आहे. पण तत्त्व योग्य आहे. उलट, वारं दुसरीकडेच वाहतं आहे. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो यांना रेल्वेनेही मागणीप्रमाणे चढणारं भाडं लावलं. विमान रेल्वेसारखं होईल असं स्वप्न दाखवलं गेलं होतं; प्रत्यक्षात रेल्वेच विमानासारखी होते आहे. ही गोष्ट कुठल्या चित्रपटात नाही.

एक शेवटचा दाखला. २८ मे २०२०. टाळेबंदीत मुंबईत अडकलेले झारखंडचे पावणेदोनशेच्या आसपास मजूर विमानाने रांचीला पोचले. हाच तो लक्ष्मण यांचा माणूस, नाही का? बहुतेकांचा तो पहिला विमानप्रवास. त्यांची तिकिटं बंगळूरच्या राष्ट्रीय विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घेतली होती. सामान्य माणूस त्याच्या सगळ्यांत अडचणीच्या दिवशी उडाला, तो चार भल्या लोकांच्या वर्गणीवर. स्वस्त तिकिटाचं तत्त्व त्या दिवशी कामाला आलं नाही. चित्रपटातला नायक विमानतळावर जे मागत फिरला आणि त्याला मिळालं नाही, ते या मजुरांना मिळालं. आम्हाला त्या विद्यार्थ्यांबद्दल आदर आहे. पण समाजाने माणसाची निकड वर्गणीवर सोडावी का?

तेव्हा ‘सरफिरा’ पाहावा, आणि जमलं तर आधी ‘सूरराई पोट्रु’ पाहावा. तो सरस आहे, कारण त्याची भाषा आणि माती एकमेकांची आहेत. विमानतळावरचा प्रसंग पाहताना रडावंही. फक्त चित्रपट संपल्यावर मोबाइलवर उद्या सकाळच्या नागपूर-मुंबई विमानाचा भाव पाहावा, आणि मग ठरवावं की त्या माणसाचं गाऱ्हाणं मिटलं की नाही.

प्रश्न असतील तर विचारा. आम्ही इथे थांबतो.